पाहुणीच्या खिडकीतला कूलर

कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका क्वार्टरच्या गॅलरीत, आकाशी रंगाचा एक पत्र्याचा डबा उभा दिसतो. मित्रांनो, तो डबा म्हणजे मी. मी एक जुना कूलर आहे. वय विचाराल तर या घरातल्या रितिकापेक्षा मी दोन वर्षांनी मोठा. माझा आवाज जरा जास्तच आहे, हे मला ठाऊक आहे. समोरच्या इमारतीतून तशा तक्रारीही आल्या आहेत. पण इतकी वर्षे लोकांच्या खिडकीत बसून मी पुष्कळ पाहिले, आणि त्यातले एक दुखणे काही केल्या माझ्या पोटातून जात नाही. तेवढे सांगून टाकतो.

माझा जन्म नागपूरच्या इतवारीतल्या एका अरुंद गल्लीत झाला. एका बाजूला भांड्यांची दुकाने, दुसऱ्या बाजूला पत्र्याचे काम करणारे कारागीर, आणि मधून हातठेल्यांची रीघ. एकाने माझे पत्रे कापले, दुसऱ्याने कोपरे ठोकले, तिसऱ्याने रंग मारला. पोटात पंखा, तळाशी टाकी, टाकीत छोटासा पंप, आणि तिन्ही बाजूंच्या जाळ्यांमध्ये वाळा. पंप पाणी वर नेतो, पाणी वाळ्यावरून ठिबकते आणि पंखा बाहेरची झळ त्या ओल्या वाळ्यातून आत ओढतो. एवढीच माझी विद्या. पण मे महिन्यात नागपुरात या विद्येला फार मान आहे.

मला विकत घेतले नत्थूजींनी. ते विणकर होते आणि तेव्हा त्यांचे घर पाचपावलीत होते. दमट हवेत सूत कमी तुटते, म्हणून त्यांनी मला माणसांच्या खोलीत न लावता हातमागाच्या खोलीत लावले. माणसे घामाघूम आणि सूत थंडगार, असा तो कारभार होता. त्या घरात मी एक रीत पाहिली. जो कोणी राहायला येई, त्याला दुसऱ्या दिवशी कांड्या भरायला बसवत. कांडी म्हणजे आडवे सूत गुंडाळायची बोटाएवढी नळी. भाचा सुट्टीत आला, भर कांड्या. गावचा पोरगा शिकायला आला, भर कांड्या. मी आलो त्याच उन्हाळ्यात नत्थूजींच्या मुलाचे, म्हणजे चंदनरावांचे, लग्न झाले आणि हर्षाताई सून होऊन आल्या. अंगावरची हळद उतरली नव्हती, तर त्या माझ्यासमोर बसून कांड्या भरत होत्या. सूत सारखे तुटत होते आणि सासूबाई रागावत होत्या.

पुढे माग बंद पडला. सासूबाई गेल्या. चंदनराव वीज केंद्रात इंजिनिअर होतेच. त्यांना क्वार्टर मिळाले आणि सगळे बिऱ्हाड कोराडीला आले. माग आला नाही, मी आलो. इथे मला चंदनराव-हर्षाताईंच्या लेकीच्या, रितिकाच्या, खोलीच्या खिडकीत जागा मिळाली. माझे तोंड खोलीत आणि पाठ गॅलरीत. इथल्या हवेत राख असते, ती माझ्या वाळ्यात अडकते आणि टाकीचे पाणी करडे होते. रितिका रोज संध्याकाळी नळी लावून टाकी भरायची. टाकी भरून वाहायला लागली की आई ओरडायची, आणि ती रोजच वाहायची.

माझी एक अट आहे, ती तुम्हाला माहीत असेल. मी चालू असताना घराची दारे उघडी ठेवावी लागतात. दारे लावली तर खोलीत ओल धरते आणि जीव गुदमरतो. त्यामुळे मी चालू असलो की त्या खोलीतले सगळे घराला ऐकू येई आणि घरातले सगळे त्या खोलीत. नत्थूजी दारात खाट टाकत, चंदनराव जेवून तिथेच आडवे होत, हर्षाताई भाजी निवडायला तिथेच बसत. जुलै लागला की मात्र गरज सरो आणि वैद्य मरो. माझ्यावर निळे प्लास्टिक टाकत, सुतळीने बांधत आणि विसरून जात. त्याचे मला वाईट वाटत असे. पण कान थोडेच बांधलेले असतात? आणि फाटक्या प्लास्टिकमधून दिसतेही.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. शहरातला एक क्लब दरवर्षी शाळेतल्या मुलांना दहा महिन्यांसाठी परदेशी पाठवतो, आणि तिकडची मुले इकडे येतात. रितिकाची निवड झाली. ती डेन्मार्कला गेली, आणि ज्या घरी ती गेली त्याच घरची मुलगी, सिग्ने, तिच्या जागी आमच्याकडे आली. दोघीही सोळा वर्षांच्या. एका आईची लेक दुसरीकडे आणि दुसरीची पहिलीकडे, अशी ती अदलाबदल होती.

रितिकाला विमानतळावर सोडून आल्यावर हर्षाताई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. चंदनराव मागे उभे होते.

"तिची पोरगी माझ्याजवळ, अन् माझी तिच्याजवळ," हर्षाताई म्हणाल्या. "मी तिच्या पोरीले फुलासारखी ठेवीन, तं थे बाई माझ्या पोरीले बी तशीच ठेवन."

"हो नं," चंदनराव म्हणाले.

मित्रांनो, या एका विचारावर पुढचे सगळे उभे राहिले, म्हणून तो नीट ध्यानात ठेवा. यात वाईट काही नव्हते. एका आईचा जीव टांगणीला लागला होता आणि तिला जो उपाय सुचला तो तिने धरला.

चार दिवसांनी सिग्ने आली. उंच, केस पांढरट पिवळे, पाठीवर भली मोठी बॅग. हर्षाताईंनी तिला ओवाळले. "मले आई म्हणजो," असे त्या म्हणाल्या आणि मग तेच इंग्रजीत सांगितले. सिग्नेने लगेच "आई" म्हणून दाखवले. सगळे हसले. त्या दिवशी पाटोडी होती, श्रीखंड होते, आणि पोळीवर इतके तूप की पोरगी बिचकली. जेवण झाल्यावर ती आपले ताट उचलून स्वयंपाकघराकडे निघाली.

"अवं, राहू दे, राहू दे," म्हणत हर्षाताई धावल्या आणि ताट तिच्या हातातून काढून घेतले.

सिग्नेने शिकलेले पहिले मराठी शब्द हेच. दुसऱ्या दिवशी तिने आपले अंथरूण घडी करून ठेवले, तर हर्षाताईंनी ते उलगडून पुन्हा घडी केले, कारण पाहुणीने घातलेली घडी घरात शोभत नाही. तिसऱ्या दिवशी तिने झाडू मागितला. हर्षाताईंना हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले. कामाला येणाऱ्या सिंधूताई तर कपाळावर हात मारून म्हणाल्या, "माह्या कामावर डोळा आहे का वं तुह्या?" सिग्नेला ते कोणी समजावून सांगितले नाही. तिने इंग्रजीत विचारले, "मग मी काय करू?"

"काहीच नको करू. आराम कर," हर्षाताईंनी सांगितले.

कपाटात रितिकाचे कपडे होते. अर्धे कपाट रिकामे करून द्यायचे कोणाच्या लक्षात आले नाही, आणि सिग्नेने मागितले नाही. तिचे कपडे बॅगेतच राहिले. रोज सकाळी ती गुडघ्यांवर बसून बॅगेची चेन उघडायची, एक कपडा काढायची आणि चेन पुन्हा लावायची. ते पाहून मला चुकल्यासारखे व्हायचे. तोंड असते तर मी सांगितले असते. पण माझे तोंड फक्त वाऱ्यापुरते.

शाळेतही नव्याचे नऊ दिवस झाले. पहिल्या आठवड्यात अकरावीच्या पोरापोरींनी तिच्यासोबत फोटो काढले. मग प्रत्येक जण आपापल्या ट्यूशनला लागला. एक ट्यूशन सुटली की दुसरी, आणि रविवारी परीक्षा. गार्गी नावाची एक मुलगी दोनदा घरी आली. तिसऱ्यांदा तिने मेसेज केला की आता एकदम बारावी झाल्यावर भेटू. सिग्ने दुपारी अडीचला घरी यायची आणि बसायची. खिडकीच्या काचेवर बोटाने राखेत रेघा ओढायची. संध्याकाळी सिंधूताई काच पुसून टाकायच्या.

सप्टेंबरात एका रविवारी रितिकाचा व्हिडिओ कॉल आला. हर्षाताई फोन घेऊन गॅलरीत आल्या, माझ्या पाठीशी. रितिका रडत होती.

"आई, इथं दर बुधवारी मले साऱ्यांचा स्वयंपाक करा लागते. बाथरूम बी धुवा लागते. काल मी भांडे मशीनमधी उलटे लावले, तं त्या रागावल्या मले."

हर्षाताईंचा चेहरा पडला. फोन ठेवल्यावर त्या हॉलमध्ये गेल्या आणि त्यांचा आवाज चढला. "आमी त्यांच्या पोरीले पाण्याचा गिलास उचलू देऊन नाही राहिलो, अन् थे लोक माझ्या पोरीकडून संडास-बाथरूम धुऊन घेऊन राहिले. मोलकरीण समजले का तिले?"

"क्लबमधी तक्रार करू," चंदनराव म्हणाले.

नत्थूजी खाटेवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी विचारले, "रागावल्या म्हणते नं?"

"हो."

"मंग बरं आहे."

हर्षाताईंना सासऱ्यांचा राग आला. म्हाताऱ्या माणसाला नातीची माया नाही, असे त्यांनी सिंधूताईंजवळ बोलूनही दाखवले. तक्रार मात्र झाली नाही, कारण तक्रार केली तर ते लोक रितिकाला आणखी त्रास देतील ही भीती. त्याऐवजी हर्षाताईंनी एक गोष्ट केली. सिग्नेला त्या आधीपेक्षाही जास्त जपू लागल्या. तळहातावरच्या फोडासारखे. तिला चहा खोलीत जाऊ लागला. तिच्या ताटाखाली पाट आला. त्या लोकांनी पाहावे आणि लाजावे, असे त्यांच्या मनात असेल. पण ते लोक सात हजार किलोमीटरवर. समोर होती ती एकटी पोर, आणि तिला यातले काही ठाऊक नव्हते.

दिवाळीत फराळ झाला. हॉलमध्ये कागद पसरून हर्षाताई, त्यांच्या उमरेडच्या बहीण आणि सिंधूताई करंज्या करायला बसल्या. सिग्ने येऊन खाली बसली. तिच्यासाठी ताबडतोब खुर्ची आली. मग तिच्या हातात एक लाटलेली पारी दिली, सारण घातले, कड दाबायला लावली आणि फोटो काढला. फोटो झाल्यावर हर्षाताईंनी ती करंजी प्रेमाने तिच्या हातातून घेतली आणि हात पुसायला नॅपकिन दिला. फोटोपुरती एक करंजी. पुढचे दोन तास ती खुर्चीवर बसून बघत होती. फोटो क्लबच्या ग्रुपवर गेला आणि पन्नास लोकांनी वाहवा केली.

हळूहळू रितिकाचे कॉल लहान झाले. आता ती रडत नव्हती. डिसेंबरात एकदा ती हसत हसत सांगत होती की कचरा बाहेर ठेवायला विसरली म्हणून तिकडच्या आईने तिची कशी कानउघाडणी केली, आणि मग दोघींनी मिळून थंडीत तो कचरा कसा ओढत नेला. "आई, ठेवते आता. आज माझी बारी आहे स्वयंपाकाची," असे म्हणून तिने फोन ठेवला. हर्षाताई बराच वेळ काळ्या पडलेल्या फोनकडे बघत होत्या. लेक सुखात आहे याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना काय वाटले ते मी पाहिले, आणि तो आनंद नव्हता.

सिग्ने मात्र कसली घरातली झाली? ती उत्तम पाहुणी झाली. ताट उचलायला जाणे तिने सोडून दिले. सोफ्यावर पाठ सरळ ठेवून बसायला शिकली. कोणी आले की नमस्कार, विचारले की दोन वाक्ये मराठीत, मग गोड हसणे. तिला या घरात कोणी एकदाही रागावले नाही. तिच्या घरी फोन करताना ती तिच्या भाषेत बोले. मला त्यातले अक्षर कळत नसे, पण बोलता बोलता माणूस गप्प का होतो ते कळायला भाषा लागत नाही.

मार्चच्या शेवटी ऊन तापले. एका सकाळी नत्थूजींनी माझ्यावरचे प्लास्टिक काढले, मला खिडकीतून उतरवले आणि गॅलरीत स्टूल घेऊन बसले. जुना वाळा काढायचा, जाळ्या घासायच्या, टाकीतला गाळ खरवडायचा, नवा वाळा भरायचा. दरवर्षीचे काम. सिग्ने दारात येऊन उभी राहिली.

"आबाजी, मी?" तिने विचारले.

"काहून विचारून राहिली? बस नं."

ती खाली फरशीवर बसली. नत्थूजींनी एक जाळी आणि तारेचा ब्रश तिच्याकडे ढकलला. तिचे हात कोपरापर्यंत राखेने काळे झाले, नखांत गंज गेला, केसांत वाळ्याच्या काड्या अडकल्या. मग ती नवा वाळा भरू लागली.

"अवं, असा काय पोकळ भरून राहिली?" नत्थूजी खेकसले. "दाबून भर. असा ठेवला तं गरम हवा येईन. काढ सारा. पुन्हा भर."

सगळे शब्द तिला कळले नसतील, पण आपण चुकलो आणि म्हातारबाबा चिडले एवढे नक्की कळले. ती हसायला लागली. मित्रांनो, आठ महिन्यांत पहिल्यांदा मी तिला असे हसताना ऐकले; आवाज करून, मान मागे टाकून. तिने सगळा वाळा काढला आणि पुन्हा दाबून भरला. नत्थूजींनी हाताने दाबून पाहिला आणि नुसते "हं" म्हणाले. मग तिने नळी लावून माझी टाकी भरायला घेतली. तिच्या हातचे ते पाणी माझ्या पोटात पडत होते आणि मला वाटले, झाले, आता हिची बॅग रिकामी होणार.

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. हर्षाताई बाजारातून आल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर क्लबच्या वेदिका मॅडम होत्या. त्या दर दोन महिन्यांनी मुलांची खुशाली विचारायला येत. गॅलरीचे दार उघडे होते. दोघींनी समोर पाहिले.

"अरे वा," वेदिका मॅडम हसून म्हणाल्या, "पाहुणीकडून कूलर धुऊन घेता का?"

त्या गमतीने म्हणाल्या होत्या. त्यांच्या मनात काही नव्हते, हे मी पैजेवर सांगतो. पण हर्षाताईंचे कान लाल झाले. आठ महिने जे त्यांनी जिवापाड सांभाळले होते ते एका क्षणात गेले, आणि तेही क्लबच्या बाईसमोर. त्या पुढे आल्या आणि त्यांनी सिग्नेच्या हातातली नळी ओढून घेतली.

"ऊठ. हे तुझं काम नाही. तू पाहुणी आहे."

"मला आवडतं," सिग्ने मराठीत म्हणाली. वाक्य बरोबर होते.

"आवडते तरी नाही," हर्षाताई म्हणाल्या. मग सासऱ्यांकडे वळून, आवाज दाबून, "मामाजी, तुमाले तरी समजायले पाहिजे होतं."

नळीचे पाणी फरशीवर वाहत राहिले. सिग्नेने नळाखाली हात धुतले, कोपरापर्यंत, नखे घासून घासून, आणि ती आत निघून गेली. टाकी अर्धीच भरली होती. संध्याकाळी चहा घेताना तिने हर्षाताईंना "थँक्यू, काकू" म्हटले. शेजारपाजारची पोरे म्हणतात तसे. हर्षाताईंनी रिकामा ट्रे परत नेला. "आई म्हण" असे त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत. म्हणणार तरी कोणत्या तोंडाने?

चार दिवसांनी त्या खोलीत एसी लागला. परक्या मुलुखातली पोर, नागपूरचा उन्हाळा, तिला सोसणार नाही म्हणून. माझी खिडकी प्लायवूड ठोकून बंद केली आणि मला गॅलरीतून सरकवत हॉलच्या खिडकीत नेऊन बसवले. एसीवर माझा राग नाही. खोटे कशाला बोलू, आहे. पण तो माझी जागा घेतल्याचा नाही. एसी लावला की दार बंद करावे लागते, त्याचा आहे. सिग्नेने दार लावले. कोणी तिला दोष देऊ शकत नव्हते, कारण थंड हवा बाहेर जाते. हॉलमध्ये माझ्यासमोर नत्थूजी, चंदनराव, हर्षाताई, आणि पलीकडे ते बंद दार. जेवणाच्या वेळी ते उघडे, मग पुन्हा बंद.

एप्रिलच्या शेवटी वेदिका मॅडम पुन्हा आल्या. या वेळी त्या हसत नव्हत्या. सिग्ने शाळेत होती. त्यांनी तिचे पत्र वाचून दाखवले. लहानसे होते. मला इथे काही त्रास नाही. सगळे माझ्याशी फार चांगले वागतात. मला घरी जायचे आहे. ठरल्यापेक्षा चार आठवडे आधी.

"पण आमी कमी काय केलं?" हर्षाताईंनी विचारले. "सांगा नं मॅडम. काय कमी केलं?"

"काहीच नाही हो," वेदिका मॅडम म्हणाल्या. "तिनंही तेच लिहिलंय."

त्या गेल्यावर हर्षाताई माझ्यासमोर फरशीवर बसून रडल्या. चंदनराव घरात नव्हते. नत्थूजींनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "तुले आठवते का वं, तू आली तवा दुसऱ्याच दिवशी तुह्या सासूनं तुले कांड्या भरायले बसवलं होतं?"

"आठवते."

"रागावली बी होती."

"खूप रागावल्या होत्या."

"मंग गेली का तू निघून?"

हर्षाताईंनी पदराने तोंड पुसले. त्या म्हणाल्या, "त्याच दिवशी मले वाटलं होतं, की आता आपण इथलेच झालो." आणि असे म्हणता म्हणता त्यांना जे कळायचे ते कळले. त्यांच्या चेहऱ्यावर मी ते कळताना पाहिले. देव करो आणि कोणाला काही इतक्या उशिरा न कळो.

संध्याकाळी त्यांनी आंबा कापला, ट्रेमध्ये ठेवला आणि आपल्याच घरातल्या त्या खोलीचे दार वाजवले. आज तिच्याशी बोलायचे, असे त्यांनी ठरवले होते. ओठ पुटपुटत होते. पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या. ट्रे रिकामा होता.

"काय म्हणाली?" नत्थूजींनी विचारले.

"थँक्यू म्हणाली." त्या ट्रेकडे पाहत राहिल्या. "मले काही सुचलंच नाही, मामाजी. आंबा गोड आहे का, एवढंच विचारलं."

माणसाला एकच तऱ्हा जमत असली की असे होते. नऊ महिने त्यांनी ट्रे नेला होता. हात रिकामा ठेवून त्या खोलीत कसे जायचे ते त्यांना येत नव्हते.

निघायचा दिवस आला. सकाळीच ऊन भाजत होते आणि मी पूर्ण जोरात चालू होतो. वेदिका मॅडम गाडी घेऊन आल्या होत्या. हर्षाताईंनी सिग्नेची ओटी भरली, हातावर दही दिले. चंदनरावांनी बॅग उचलली. सिग्नेने नत्थूजींच्या पायांना हात लावला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही. मग ती हर्षाताईंसमोर उभी राहिली.

आता एक गोष्ट समजून घ्या. आमच्याकडे कोणी जायला निघाले की त्याला म्हणायचे असते, राहा ना अजून दोन दिवस. आणि जाणाऱ्याने म्हणायचे असते, नाही, पुन्हा येऊ. उमरेडच्या मावशी निघाल्या की हे होते. चंदनरावांचे मित्र दहा मिनिटे बसून निघाले तरी होते. ज्याने म्हटले तोही विसरतो आणि ज्याने ऐकले तोही. त्या हॉलमध्ये नऊ महिने सोफ्यावर बसून सिग्नेने हे शंभर वेळा ऐकले होते. दुसरे काम तरी काय होते तिला?

हर्षाताईंनी तिचे दोन्ही हात धरले. त्या म्हणाल्या, "राहा नं, सिग्ने. राहा अजून दोन दिवस."

सिग्ने गोड हसली. अगदी स्वच्छ मराठीत तिने उत्तर दिले, "नाही काकू. पुन्हा येईन."

"किती छान शिकली हो मराठी," वेदिका मॅडम कौतुकाने म्हणाल्या. चंदनराव हसले. सिग्नेही हसली आणि जिना उतरली.

गाडी गेल्याचा आवाज आला. हर्षाताई दारात तशाच उभ्या होत्या. मग त्या आत आल्या आणि सासऱ्यांच्या खाटेजवळ बसल्या.

"मामाजी, मी खरंच म्हटलं होतं."

"मले समजलं वं," नत्थूजी म्हणाले. "पण थ्या पोरीनं कसं ओळखावं?"

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच आहे. त्या गोष्टीला दोन उन्हाळे झाले. माझा पत्रा आता तळाशी गळतो, आणि मी फार दिवसांचा सोबती नाही. पण जाण्याआधी तुमच्याकडे एक मागणे आहे. प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलेल्या आठ महिन्यांत मी जेवढा गंजलो, तेवढा पाणी खेळवत चाललेल्या चार महिन्यांत कधी गंजलो नाही. वस्तू फार जपून ठेवू नका, आणि माणसे तर मुळीच नको. तुमच्या घरी दूरचे लेकरू राहायला आले, तर पहिल्या दिवशी त्याला गोडधोड खाऊ घाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात झाडू द्या, आणि कोपऱ्यात कचरा राहिला तर त्याला रागवा. त्यालाही तुमच्यावर रागवू द्या. आमच्या घरी वाळा भरायची ती एक सकाळ सोडली तर नऊ महिने तिला कोणी रागावले नाही, आणि एक सोळा वर्षांची पोर कोणाशी एकदाही न भांडता निघून गेली.